अण्णांना बरं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली

मंडळी, आज दुपारी आष्टीला माहेरी गेल्ते. आई जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, कामापुरतंच बोलतात.

दारात पोचले तर गोठ्यातून शीळ ऐकू आली. अण्णा म्हैस धूत होते आणि मजेत शीळ घालत होते! मला बघितलं आणि चोरी पकडल्यासारखे एकदम गप्प झाले.

"काय झालं अण्णा? काही खुशखबर?"

"काही न्हाई गं. सकाळपासून उगंच बरं वाटून राह्यलं." मग मान खाली घालून म्हणाले, "तुझ्या आईला जाऊन वरीस बी न्हाई झालं. बराबर न्हाई हे."

मी म्हणाले, "दुःखाला कारण आहे अण्णा. बरं वाटायला कारण कशाला पाहिजे? आई असती तर काय म्हणली असती?"

म्हशीची पाठ चोळत ते म्हणाले, "म्हणली असती, किती बेसूर वाजवता!"

आम्ही दोघं खूप हसलो. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि हसूही थांबलं नाही.

परतीच्या बसमध्ये हे लिहितेय. मनाला आज फार निवांत वाटतंय. दुःख कमी झालेलं नसतानाही माणूस खूश असू शकतो, हे मी आज पाहिलं. तुम्हाला कधी बरं वाटल्याची लाज वाटलीय का?