पाव टाकीचा हिशेब

फ्यूजकाकांनी उभ्या आयुष्यात मिक्सरपासून लिफ्टपर्यंत सगळं दुरुस्त केलं, पण एक वाक्य काही त्यांच्याच्यानं दुरुस्त होईना. अकरा वर्षांपूर्वी साडूंच्या नव्या घरात भर पंगतीत दिवे गेले, काका भरल्या ताटावरून उठले, बोर्डात हात घातला आणि दिवे आणले. त्यावर साडू पाहुण्यांना म्हणाले, "घरचाच वायरमन आहे आमचा. जेवायला बसवला की काम झालं!" पंगत हसली. काका घास न घेता घरी आले.

आणि आज त्याच साडूंचा फोन आला. "लवकर ये रे! जनरेटर सुरू होतो आणि बंद पडतो. व्याही-विहीण गाडीत बसलेत. पहिलीच सहल, आणि एसी बंद!"

काका सावकाश जेवले. मग काकूंना घेऊन निघाले.

दारात नवीकोरी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, उभी, आत व्याही रुमालानं वारा घेत बसलेले. काकांनी डिझेलचा काटा पाहिला. पाव टाकीच्या खाली. निदान तिथेच झालं. अशा गाडीत जनरेटर मुख्य टाकीतूनच डिझेल ओढतो, पण त्याची नळी मुद्दाम आखूड, पाव टाकीच्या खाली न पोचणारी, ठेवलेली असते. जनरेटरनं सगळं डिझेल पिऊन टाकलं तर गाडी घरी कशी यायची?

"गंभीर आहे," काका म्हणाले. "साडूभाऊ, खालचे कप्पे रिकामे करा."

साडूंनी खुर्च्या, छत्री, शेगडी, सगळं रस्त्यावर मांडलं.

"आता बॅटरीचा उजेड धरा. अशी नाही, आडवं होऊन."

साडू इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली गेले. काका एकेक वायर कुरवाळत होते. तेवढ्यात काकू पुढच्या सीटवरची पिशवी घ्यायला गेल्या आणि काट्याकडे बघून थबकल्या. तीस वर्षांच्या संसारात पाव टाकीची गोष्ट त्यांनी निदान शंभरदा ऐकली होती. काका वायर सोडून तिच्याकडे बघू लागले. आता ही बोलणार, सख्ख्या बहिणीचं घर आहे!

"अहो," काकू म्हणाल्या, "ती मागची वायर राहिली ना बघायची?"

काकांना लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या प्रेमात पडल्यासारखं वाटलं.

तासाभरानं ग्रीसनं माखलेले साडू बाहेर आले आणि व्याह्यांसमोरच काकांना हात जोडून म्हणाले, "बाबा रे, तुझ्याएवढं या कामातलं कळणारा आमच्या नात्यात दुसरा कोणी नाही. काहीतरी कर!"

काकांनी हात पुसले. "मशीन ठणठणीत आहे, साडूभाऊ. डिझेल भरा."

व्याही आधी खोकले, मग हसले. मग विहीणबाई हसल्या, आणि त्या काही थांबेनात.

साडू कॅन घेऊन कोपऱ्यावरच्या पंपाकडे निघाले, तेव्हा काकूंनी मागून हाक मारली, "आणि भाऊजी, यांना जेवायला बसवू नका हं. आम्ही जेवून आलोय."