मॅचिंगचे मासे

कुठल्या निळ्या कापडाला कुठला निळा दोरा, हे टेलरमास्तर गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच सांगत. असा माणूस मासे निवडायला गेला, म्हणजे घोटाळा व्हायचाच.

मासा सुनेचा. लग्न होऊन येताना तिने काचेची टाकी आणली होती आणि त्यात एकटाच, निळाजांभळा बेट्टा.

"काय फ्रिल आहे शेपटीला!" मास्तर म्हणाले. सून गालातल्या गालात हसली. तेवढंच. मुलगी सोन्यासारखी, पण बोलणं मोजूनमापून. "चहा टाकू?" "चालेल, बाबा." "पंखा लावू?" "चालेल, बाबा." मास्तरांना घोर लागला. ही घरात राहायला आली आहे की पाहुणी म्हणून?

तिला खूश करायचं ठरवून, ती कामावर जाताच त्यांनी माशांचं दुकान गाठलं. दुकानदार विचारत होता, टाकीत आधी कोण आहे? मास्तर रंग जुळवण्यात गर्क. शेवटी लांब शेपटीचे निळे गप्पी पसंत पडले. अगदी एकाच ताग्यातले!

टाकीत सोडताच बेट्टाने कल्ले फुगवले आणि तो तीरासारखा सुटला. मास्तर चहाची गाळणी घेऊन धावले. गप्पी बाहेर निघाले खरे, पण तोवर सगळ्यांच्याच शेपट्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, बेट्टाच्यासुद्धा.

"अहो, सून आणतानासुद्धा एवढी घाई केली नव्हती तुम्ही," बायको म्हणाली. "आणि ती गाळणी परत स्वयंपाकघरात आणू नका!"

संध्याकाळी सून आली. टाकीपुढे उभी राहिली.

"हे कुणी केलं?"

"मी," मास्तर पुटपुटले. "मॅचिंग दिसले..."

"मॅचिंग? अहो बाबा, आपल्यासारखी शेपटी दिसली की याला वाटतं, वैरीच आला! मला विचारायचं तरी! नवा सोबती आधी काचेच्या ग्लासात घालून टाकीत ठेवायचा, हा फुगतो का ते बघायचं. ट्रायल न घेता कधी कुणाला ब्लाउज दिलाय का तुम्ही?"

सुनेने जीभ चावली. आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"हसताय काय?" बायको म्हणाली. "चांगली खरडपट्टी निघाली तुमची."

"निघाली ना!" मास्तर म्हणाले. "सूनबाई, मग याला चालेल तरी कोण?"

सून अडखळत सुरू झाली, आणि मग थांबेचना. फिक्या रंगाचा, आखूड शेपटीचा, तळाशी राहणारा. टाकी मोठी असेल तर मिशीवाल्या छोट्या माशांचं टोळकं, नाहीतर गोगलगाय. "आणि काहींना कुणीच चालत नाही, बाबा. त्यांना खुशाल एकटं राहू द्यायचं. शेपटी येईल भरून, पाणी स्वच्छ ठेवू."

रविवारी दोघं दुकानात गेली आणि गोगलगाय घेऊन आली. गप्पींना शिलाईयंत्राशेजारी वेगळी बरणी मिळाली होती. बेट्टाच्या शेपटीला काठाने पारदर्शक नवी किनार फुटू लागली होती. गोगलगायीचा ग्लास टाकीत ठेवला. बेट्टाने तिला वरून न्याहाळलं, खालून न्याहाळलं आणि पाठ फिरवली. मास्तर काचेला नाक लावून बघत होते. बेट्टा एकदम फुगला.

"बाबा, सरका! तुमच्या निळ्याजांभळ्या शर्टाकडे बघून फुगतोय तो. जा, साधा घालून या."

मास्तर शीळ घालत शर्ट बदलायला गेले.