बटणांवरचा सामना

रसिकता म्हणजे केवळ आस्वाद घेण्याची शक्ती नव्हे. घेतलेला आनंद दुसऱ्याच्या ओंजळीत ओतता येणे, हे तिचे परिणत रूप होय. गल्लीतल्या शिंपीकाकांच्या ठायी ते होते.

फुटबॉलच्या मैदानात गोलपोस्टमागच्या स्वस्त बाकांवर बसून काका-काकूंनी उमेदीची वर्षे घसा फोडून ओरडण्यात घालवली. पुढे तिकिटे अशी कडाडली की दोघांनी मिळून जाणे परवडेना. मग पाळी ठरली: एका सामन्याला काका, पुढच्याला काकू. परतणाऱ्याने कापड बेतायच्या टेबलावर बटणे मांडून सारा खेळ दाखवायचा.

एकदा सामना अगदीच रटाळ झाला. एकही गोल नाही. प्रेक्षक जांभया देत उठून गेले. घरी काकू वाट पाहत होत्या, आणि त्यांच्यापुढे रिकाम्या हाताने उभे राहणे काकांच्या जिवावर आले. त्यांनी पदरचे दोन गोल घातले, वर लोकांचा जल्लोषही करून दाखवला.

काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, हा दुसरा गोल मारणारा गेल्या सामन्यातच पाय मोडून घरी बसलाय. मीच तर सांगितलं होतं."

काका ओशाळले. "मग काय, एवढ्या महाग तिकिटाच्या जांभया तुला आणून देऊ?"

"द्या की. निम्म्या माझ्याच आहेत."

तेव्हापासून काका जांभयांसकट सामना सांगू लागले, आणि काकूंना हसू आवरेना.

आता काका नाहीत. काकू प्रत्येक सामन्याला जातात आणि घरी आल्यावर सुनेला, जसा झाला तसा, सांगतात.