रकान्याबाहेरची उत्तरं

सर्वेक्षणाच्या नोकरीत मला अकरा वर्षं झाली. टॅबमध्ये भरलेली उत्तरं अमरावतीच्या ऑफिसातून पुण्याला जातात आणि तिथं त्यांचा अहवाल होतो. भरताना लोक जे बोलतात, ते कुठंच जात नाही. ते आमच्याकडं साचतं आणि चहाला बसलो की निघतं.

*

नांदगाव खंडेश्वरकडं महिला सक्षमीकरणाचा सर्व्हे होता. एका बाईंना विचारलं, "घरातले निर्णय कोण घेतं?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "तेच घेते सारे. लिवा तिचंच नाव."

बाईंनी मान हलवली. टॅबमध्ये गेलं: पत्नी.

*

अकोल्याजवळ एक फुलं पिकवणारे काका आहेत. त्यांच्या गावात दरवर्षी कोणी ना कोणी अभ्यासाला येतंच. मी बांधावर पोचलो, अजून नावही सांगितलं नव्हतं. काका झेंडू तोडता तोडता म्हणाले, "पोरं दोन. संडास आहे, वापरतो. गॅस आहे. मीटिंगले जात नाही. झालं?"

मी म्हटलं, "काका, प्रश्न तरी ऐका."

"प्रश्न मले पाठ आहेत. आमी एवढं सांगतलं त्याचं काय झालं, थे सांगाले कोणी येत नाही. तुमी सांगता का?"

मी टॅब पिशवीत टाकला.

*

तिवशाकडं वंदनाताई होत्या. आमच्या टीममधल्या सगळ्यात जुन्या. भाजी विकणाऱ्या एका बाईंना त्यांनी विचारलं, गेल्या सात दिवसांत घरात कोणी उपाशी झोपलं का?

बाई हळूच म्हणाल्या, "मी झोपली दोनदा. पण ताई, नाही लिवा. उद्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. गावात समजलं तं?"

नाव कुणाला कळत नाही, हे वंदनाताईंनी परोपरीनं सांगितलं. बाई ऐकेनात. शेवटी ताईंनी 'नाही' भरलं आणि मला येऊन सांगितलं. तपासणी माझ्याकडं होती. मी 'बरोबर' दाबलं. अजून ते मनातून जात नाही.

*

बार्शीटाकळीकडं लहान मुलांना पोषण आहार देणाऱ्या कार्यक्रमाचा अभ्यास होता. एका गावात आहार मिळायचा, शेजारच्या गावात नाही. आम्ही दोन्हीकडं मुलांची वजनं करायचो.

आहार न मिळणाऱ्या गावातली ही गोष्ट. तिसऱ्या फेरीला एका आजीनं नातवाला काट्यावर ठेवलं. वजन मागच्यापेक्षा कमी भरलं.

"बाई, तुमी तीनदा आल्या," आजी वंदनाताईंना म्हणाली. "त्या गावाले भेटते, मंग आमाले काहून नाही?"

अशा वेळी 'वरून ठरतं' म्हणायचं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. वंदनाताईंनी त्या दिवशी खरं सांगितलं. "आजी, तुमच्या गावाला मुद्दामच दिलं नाही. न देता मुलं कशी राहतात ते बघायचं, म्हणजे दिल्यानं किती फरक पडला ते कळतं."

आजीनं नातवाला काट्यावरून उचललं. सदरा घातला, एकेक गुंडी लावली. मग तिनं विचारलं,

"मंग आमच्या वाट्याचं आमी बराबर केलं नं, बाई?"