बाजाराची पिशवी
या पिशवीतला मेथीचा वास आला की मुखेडच्या घरातला तो दिवस आठवतो. दर बाजाराला माझ्यामागं येणारा आमचा कुत्रा त्या दिवशी उठेचना. शेजारीण म्हणाली, "मावशी, पाय गेला त्याचा, सोडा रानात." म्हणलं, "मी न्हाई सोडत!" नातीनं नांदेडच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्या म्हणाल्या, "आजी, चालवून दाखवा." भाकर दाखवली, हाका मारल्या, गडी ढिम्म. मग मी चपला घातल्या अन् ही पिशवी उचलली. लंगडत लंगडत दारापर्यंत आला की! "हाड शाबूत आहे, पंजाखाली बघा," बाई म्हणाल्या. बघते तर बाभळीचा काटा! चिमट्यानं उपसला. अजूनही पिशवी उचलली की मी बाजाराला जातेच. त्याला फसवलं ते एकदाच.