माऊलीचा लांबलेला मुक्काम

गेल्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी मारियामाऊलीकडे बघताना माझ्या मनात आलं, ही आता आमच्या घरून जाईल तर किती बरं होईल. विचार आला आणि मी घाबरलेच. लगेच क्रूसाची खूण केली, जीभ चावली, मूर्तीपुढची फुलं बदलली. पण मनात आलेलं काही फुलं बदलून जात नाही. जन्मापासून जिच्यापुढे मेणबत्त्या लावल्या, तिच्याकडेच मी नकोशा पाहुण्यासारखी बघत होते. माझी श्रद्धा आटली की काय या काळजीत त्या दिवशी आमटीत मीठ घालायचंही राहून गेलं.

झालं होतं असं. ऑक्टोबर हा आमच्याकडे रोझरीचा, म्हणजे माऊलीच्या जपमाळेचा महिना. उरणच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथे त्या महिन्यात माऊलीची मूर्ती घरोघर फिरते. संध्याकाळी वाडीतली माणसं जमतात, आदल्या घरून मूर्ती उचलतात आणि मेणबत्त्या घेऊन गाणी म्हणत पुढच्या घरी नेतात. तिथे जपमाळ होते, आणि मग ज्याच्या घरी माऊली आली तो सगळ्यांना उकडलेले चणे वाटतो, वर खोबरं आणि मिरची. दुसऱ्या दिवशी माऊली पुढच्या घरी. कुणाला जड जाऊ नये म्हणून वाडवडिलांनी लावून दिलेली ही पाळी.

आमच्यानंतर पाळी होती सिसिलबाईची. सिसिलबाई आमच्या वाडीच्या प्रार्थनेची पुढारी, आवाज असा की चर्चमध्ये तिला माइक लागत नाही. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की तिच्याकडे रंगकाम चाललंय, माऊलीला वास सहन होणार नाही, एक दिवस ठेवून घे. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी रंग वाळला नव्हता. मग तिच्या पुढच्या घरातल्या पोरांची परीक्षा निघाली, त्याच्या पुढच्या घरी दुबईचे पाहुणे निघाले. माऊली आमच्याकडेच, आणि रोज संध्याकाळी अख्खी वाडीही आमच्याकडेच. पुढे पुढे तर कारण सांगायचे कष्टही कुणी घेईना. उलट एकजण जाता जाता म्हणाला, आज खोबरं जरा कमी पडलं.

यात लोकांचा फार दोष नव्हता. मी कधी नाही म्हणत नाही हे गावाला ठाऊक होतं. लग्नात लागणारे पिठाचे फुगे तळायचे असोत, चर्चमधल्या चादरी धुवायच्या असोत, कुणाच्या मयताला आलेल्यांचा चहा असो, मला कुणी विचारत नसे, नुसतं कळवत असत. मलाही ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू? शेजाऱ्यावर प्रेम करा असं प्रभूने सांगितलंय, आणि माझे शेजारी तर हाकेच्या अंतरावर, हाकही मोठ्याने मारणारे.

माझा नवरा कंटेनरचा ट्रेलर चालवून निवृत्त झालेला, बोलायला तिरकस. तो म्हणाला, माऊलीचं नाव आता रेशनकार्डावर घालून घेऊ. त्याला दिसायचंही कमी. एक डोळा लहानपणीच विटीदांडूत गेलेला आणि दुसऱ्यात मोतीबिंदू. निळ्या झग्यातली ती मूर्ती कोपऱ्यात उभी दिसली की त्याला कुणी बाई आलीय असं वाटायचं. येता-जाता तो तिला सांगायचा, उभ्या का, बसा की, आणि मला आत चहा टाकायला लावायचा. एकदा तर तो तिच्याशेजारी बसून बंदराच्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकची गाऱ्हाणी सांगत राहिला, आणि नंतर मला म्हणाला की बाई फार समजूतदार आहे, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

आम्ही हसायचो, पण त्या डोळ्याचं ओझं माझ्या छातीवर होतं. पनवेलच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की मोतीबिंदू फार पिकलाय, अजून थांबलात तर आतला दाब वाढेल आणि आहे ती नजरही जाईल. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा मीच ती पुढे ढकलली. एकदा कुणाच्या बाप्तिस्म्याचं जेवण माझ्यावर होतं, एकदा चर्चच्या सणाची तयारी. नवरा रागावला नाही. म्हणाला, तुझा आवाज ऐकू येतो, तेवढं पुरे. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. आता तिसरी तारीख शुक्रवारची होती, आणि त्यानंतर डॉक्टर मोठ्या रजेवर जाणार होते.

अशा मनःस्थितीत मी बुधवारी चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेले. आमचे फादर बाहेरगावी होते. त्यांच्या जागी कुणी वयस्क धर्मगुरू आले होते, त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. जाळीच्या पलीकडून नुसता खोकला ऐकू यायचा. मी सगळं सांगितलं, चणे, रंगकाम, डोळा, आणि तो वाईट विचार. म्हटलं, फादर, माझ्यातलं प्रेम कमी झालंय. ते पुन्हा खोकले. मग त्यांनी विचारलं, येशूभोवती बरं व्हायला आलेल्या माणसांची गर्दी असताना तो मध्येच होडीत बसून पलीकडे निघून जायचा, हे ऐकलंयस ना? ऐकलंय, मी म्हटलं.

“मग मागे किनाऱ्यावर राहिले ते सगळे बरे झाले होते का?”

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. किनाऱ्यावरची माणसं मी आयुष्यभर बघतेय, पण त्या किनाऱ्यावर मागे राहिलेल्या लंगड्या-आंधळ्यांकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. नसतील झाले, मी हळूच म्हटलं.

“तरी तो गेला. स्वर्गातल्या बापाशी बोलायला गेला, कधी नुसता झोपायला गेला. तू त्याच्याहून मोठी व्हायला निघालीस, बाई. कबुली द्यायची तर त्याची दे.”

आणि त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं. रविवारच्या आत, जो तुझ्याकडे खरोखर काही मागतोय अशा एका माणसाला नाही म्हण. मी विचारलं, फादर, त्याऐवजी पूर्ण रोझरी गुडघ्यांवर म्हटली तर चालेल का?

“नाही,” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “बघ, एवढंच म्हणायचं असतं.”

उपास सांगितला असता तर मी हसत केला असता. हे अवघडच होतं. घरी येताना कोळणीने हाक मारली, सुरमई घे. मी नाही म्हटलं आणि मोठ्या आनंदात पुढे गेले, पण माझ्याच लक्षात आलं की माझ्याजवळ पिशवी नव्हती, मी घेणारच नव्हते. दुपारी कर्ज देणाऱ्या कंपनीतून फोन आला. त्या मुलीला नाही म्हणायला मी सुरुवात केली, तर तिचा घसा बसलेला. तिला हळदीचं दूध घे असं सांगता सांगता तिने माझं पूर्ण नाव, पत्ता लिहून घेतला. मग मी नवऱ्याला दुसरा चहा नाकारला. त्याला प्रायश्चित्ताची गोष्ट सांगितली होती, त्यामुळे तो म्हणाला, मला धरून चालणार नाही, माझा काही धाक नाही तुला. ज्याच्यापुढे तुझी जीभ टाळ्याला चिकटते अशाला म्हण. माणसाला दिसत नसलं तरी बाकी सगळं बरं कळतं.

गुरुवारी संध्याकाळी जपमाळ झाली, चणे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलला निघायचं होतं, पिशवी भरलेली होती. सिसिलबाई पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, “बाय, उद्या पन राहू दे माऊलीला तुजे घरान. तुला आता सवय झालीय.”

मी म्हटलं, उद्या ह्यांचं ऑपरेशन आहे. ती म्हणाली, ते सकाळी, प्रार्थना संध्याकाळी. मी म्हटलं, यायला उशीर होईल. ती म्हणाली, चावी माझ्याकडे दे. मी म्हटलं, चणे भिजवायला जमणार नाही. ती म्हणाली, मी भिजवते, तू परवा येऊन फक्त टोप घासून टाक. तेव्हा मला उमगलं की मी एकेक कारण पुढे करत होते आणि ती बिचारी एकेक कारण निस्तरून देत होती. अशाने रात्र सरली असती आणि शेवटी मी तिचे आभार मानले असते. मी माऊलीकडे बघितलं. तिने काही खूण केली असं मी म्हणणार नाही. ती नेहमीसारखीच खाली बघत होती.

“न्हाय जमणार, बाय,” मी म्हटलं. “माऊली आज तुज्याकडं येतेय.”

चणे खाता खाता अख्खं घर थांबलं. चण्याच्या वाट्या हातातल्या हातात राहिल्या. मला वाटलं, आता जमीन पोटात घेईल तर बरं, आणि माफी मागायला मी तोंड उघडणार, एवढ्यात माझा नवरा खुर्चीवरून उठला, चाचपत कोपऱ्यात गेला, माऊलीला दोन्ही हातांनी उचललं आणि दाराबाहेर पडला.

पुढे काय गोंधळ उडाला विचारू नका. ज्याला दोन हातांवरचं दिसत नाही असा माणूस माऊलीला घेऊन अंगणाच्या पायऱ्या उतरतोय म्हटल्यावर वाडीचा श्वासच अडकला. त्याला धरायला जावं तर माऊली हातून सुटायची भीती. मेणबत्त्या भराभर पेटल्या, कुणीतरी घाबरून गाणं सुरू केलं, आणि गाणं एवढ्या जोरात झालं की उजवीकडे वळा, उजवीकडे, ही माझी हाक त्याला पोहोचलीच नाही. नळाजवळून सिसिलबाईचं घर उजवीकडे, चढावर. हा डावीकडे वळला, ट्रेलर वळवायचा तसा मोठा वळसा घेऊन, आणि भाड्याच्या खोल्यांपैकी एका दारापुढे थांबून पायाने दार वाजवू लागला.

दार एका तरुण बाईने उघडलं, हात पिठाने भरलेले. ती झारखंडची, नवरा कंटेनरच्या यार्डात कामाला. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची. आम्ही सगळ्यांनी तिला पाहिलेलं होतं आणि एकीलाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. भाडेकरूंची घरं आमच्या पाळीत धरत नाहीत. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणाला सुचलंही नव्हतं.

“सिसिलबाय, घे लवकर,” माझा नवरा म्हणाला, “हात भरून आले माजे.”

ती मुलगी माऊलीकडे बघत राहिली. “हमारे घर?” तिने विचारलं. “सच में हमारे घर?” आणि पिठाचे हात तसेच जोडून ती उंबऱ्यावर गुडघ्यांवर बसली आणि रडायला लागली. रोज संध्याकाळी ती खिडकीतून आमच्या मेणबत्त्या बघायची, हे तिने मागाहून सांगितलं. मी सिसिलबाईकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. ती पुढे झाली, माझ्या नवऱ्याच्या हातून माऊली घेतली आणि स्वतः आत नेऊन ठेवली. जपमाळ पुन्हा एकदा म्हटली गेली. एवढ्याशा खोलीत आम्ही एकमेकांच्या पायांवर उभे होतो.

नवरा चुकला की त्याला कुणी वळवलं, या वादात मी पडत नाही. तो स्वतः म्हणतो की उजवीकडचा चढ पायाला लागला नाही, म्हणून वळण चुकलं. असेलही.

शुक्रवारी त्याला ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा माझा फोन वाजायला लागला, चर्चमधल्या फुलांच्या बाईंचा. सवयीने मी तो कानाशी नेणार तोच समोर भिंतीवर पाटी दिसली, मोबाईल बंद ठेवावा. देवाची इच्छा एवढ्या मोठ्या अक्षरांत मला आजवर कधी दिसली नव्हती. मी फोन बंद केला आणि माळ काढली, पण एकही शब्द म्हणवेना. नुसतं म्हटलं, प्रभू, मला आता काही करता येत नाही, तू बघ. आयुष्यभर प्रार्थनेत मी त्याला कामं सांगत आले होते आणि उरलेली स्वतः करत आले होते. तसं रिकाम्या हातांनी त्याच्यापुढे बसणं मला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी फोन सुरू केला तर सिसिलबाईचाच आला, “आजचे प्रार्थनेला तुज्या चण्यांची कोनाला आठवन झाली न्हाय बाय. त्या झारखंडच्या पोरीनं तांदळाचे वडे तळले, पोरं भांडून खात होती.” खरं सांगते, मला ते लागलं. माझ्यावाचून अडलं असतं तर मला आवडलं असतं. मग हळूहळू माझ्याच ध्यानात आलं. मी हो म्हणत म्हणत दारात उभी राहिले होते आणि माझ्यामागे ती मुलगी, सिसिलबाई, सगळ्यांची पाळी अडकून पडली होती. देवाच्या घरचं सगळं काम एकटीने ओढायला त्याने मला सांगितलं नव्हतं. तो भार मी आपणहून घेतला होता, आणि तो खाली ठेवला तेव्हा तो उचलायला माणसं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, हातात पाण्याची बाटली, खांद्याला पिशवी, नर्सला काही हवं का म्हणून एक डोळा तिच्याकडे. नवऱ्याने डोळा किलकिला केला, डॉक्टरांकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघत राहिला. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतंय?

“माझी बायको,” तो म्हणाला. त्याचा आवाज तिरकस नव्हता. “डॉक्टर, ती फार दमलीय. मला दिसतच नव्हतं. तिला एक खुर्ची द्या.”

नर्सने खुर्ची आणली. नको नको, मी ठीक आहे, असं म्हणायला माझे ओठ सवयीने हललेसुद्धा. पण मी पिशवी खाली ठेवली, प्रभूचे आभार मानले, आणि बसले.