गाण्याच्या मध्येच उठलेली आत्या

मी आज जो काही आहे आणि जे काही ऐकतो, ते माझ्या आत्यामुळे. शिक्षणाचं ऋण तर सरळच आहे. तालुक्याच्या शाळेतून बारावी झाल्यावर तिनं मला पुण्याला आणलं, येरवड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत ठेवलं आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. गाण्याचं ऋण मात्र जरा वेगळं आहे. तिनं मला गाणी ऐकवली नाहीत. तिच्या घरात गाणं लागतच नसे.

आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, एका गायनपार्टीचे मुख्य गायक होते. बुद्ध-भीमगीतांचे कार्यक्रम वस्त्यावस्त्यांत, गावोगाव व्हायचे. मामा पेटी वाजवत गायचे आणि मागं कोरसमध्ये आत्या. दिवसा ती हॉस्पिटलात आया होती. मी पुण्याला येण्याआधीच मामा गेले. पेटी पार्टीतल्या दुसऱ्या गायकाकडे गेली आणि आत्यानं गाणं बंद केलं. गायचं बंद केलंच, ऐकायचंही बंद केलं. बुद्धपौर्णिमेला ती विहारात वंदनेला जायची आणि स्टेजवर ढोलकी चढवायला लागले की चप्पल शोधायची. टीव्हीवर गाणं लागलं की आवाज शून्यावर.

मला मात्र गाण्याशिवाय अभ्यास होत नसे. पहिल्याच आठवड्यात ती माझ्यासाठी इअरफोन घेऊन आली.

"तू ऐक बाबा. मला काही ऐकू येऊ देऊ नको."

असं माझं ऐकणं कानाच्या आत सुरू झालं. कॉलेजातल्या एका मित्रानं एक अल्बम पाठवला. त्यात सिनेमा नव्हता, हिरो नव्हता, मागं कुठली कंपनी नव्हती. कुणीतरी आपल्या खोलीत, भिंतीला गादी उभी करून रेकॉर्ड केलेली गाणी होती. एका गाण्यात मेसच्या डब्यातली रोजची बटाट्याची भाजी होती. मी चकित झालो. आपल्या जगण्यातली भाजी गाण्यात येऊ शकते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी असली गाणी शोधतच सुटलो. मराठी, हिंदी, आसामी, मिळेल ते. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, लावलेल्या क्रमानंच ऐकायचा, ही सवय तेव्हाची. गाणाऱ्यानं विचार करून लावलेला क्रम आपण का मोडायचा?

नोकरी लागली, कोथरूडला मित्राबरोबर खोली घेतली, आणि मग कार्यक्रमांना जायला लागलो. छोट्या हॉलमधले, कॅफेतले, कुणाच्या गच्चीवरचे. हिवाळ्यात शहराबाहेरच्या मैदानावरचा फेस्टिव्हल. दिवसभर धुळीत उभं राहायचं, नाव न ऐकलेल्या बँडसमोर नाचायचं आणि घसा बसवून परत यायचं. अशा एका फेस्टिव्हलनंतर मी रविवारी आत्याकडे जेवायला गेलो. मनगटावरचा प्रवेशाचा कागदी पट्टा काढवत नव्हता. आत्यानं हात धरून पट्टा उलटसुलट पाहिला.

"कुठल्या वॉर्डात होतास रे?"

मी समजावून सांगितलं. मैदान, स्टेज, बँड, गर्दी. तिनं भाकरी ताटात टाकली. "पैसे देऊन उभा राहिलास? उभं राहायचा तर मला हॉस्पिटलवाले पगार देतात."

असल्या बोलण्यानं मला बरंच वाटायचं. पण एक गोष्ट टोचायची. मला जगात सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट मला सर्वांत जवळच्या माणसाला दाखवता येत नव्हती. तिला आवडणार नाही म्हणून नव्हे. एके काळी तिलाही तीच सर्वांत जास्त आवडत होती म्हणून. तिनं पुन्हा एकदा कुठंतरी बसून गाणं ऐकावं, एवढंच मला वाटायचं. मागायची हिंमत नव्हती.

ते आपोआप घडलं. एका रविवारी मी तिच्याकडे लॅपटॉप घेऊन बसलो होतो. इअरफोनची वायर ओढली गेली आणि गाणं खोलीभर पसरलं. पुण्यातल्याच एका मुलीचा पहिला अल्बम, नुसता गिटार आणि आवाज. मी झडप घालून बंद करायला गेलो.

"राहू दे," आत्या म्हणाली. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कोण म्हणायलंय हे?"

"इथलीच मुलगी आहे. पुढच्या रविवारी कोथरूडला कार्यक्रम आहे तिचा. येतेस?"

"पेटी हाय का?"

"नाही."

"ढोलकी?"

"नाही गं."

"मग बरंय. येते."

त्या रविवारी ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसून माझ्या स्कूटरवर बसली. कार्यक्रमाला जायची साडी. इतकी वर्षं ती ट्रंकेतच होती. एका दुकानावरचा छोटा हॉल, जमिनीवर गाद्या, कडेला थोड्या खुर्च्या. दारातल्या मुलानं माझ्या फोनवरचं तिकीट तपासलं आणि नम्रपणे सांगितलं, "गाणं चालू असताना बोलायचं नाही, उठायचं नाही, प्लीज."

आत्यानं मला कोपरानं ढोसलं. "शाळा हाय का ही?"

असे कार्यक्रम मला अतिशय प्रिय आहेत, ते या शांततेसाठीच. कुणी खुसपुसत नाही, गाणं संपल्यावरच टाळ्या. गायिका खुर्चीवर गिटार घेऊन बसली. शेजारी एक तरुण लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं हातानं वाजवत होता. आत्या माझ्या कानात म्हणाली, "बसायलाय त्यालाच बडवायलाय." पुढच्या गादीवरच्या मुलीनं मागं वळून पाहिलं. मी हात जोडले.

दुसरं गाणं झालं. तिसरं सुरू झालं. कुणीतरी घर सोडून गेलंय आणि मागं राहिलेली बाई त्याच्याशी बोलतेय, असं ते गाणं. त्यात ओळ आली: 'दार नुसतं लोटून गेलास, कडी लावली नाहीस.'

शेजारी पर्सची चेन वाजली. मी पाहतो तर आत्या उभी. गाद्यांच्या मधून, लोकांच्या गुडघ्यांवरून साडी सावरत ती थेट पुढं गेली आणि गायिकेसमोर पन्नासची नोट धरून उभी राहिली. गायिकेचे डोळे मिटलेले होते. उघडले तशी ती दचकली. गिटार थांबली. खोकं थांबलं. दारातला मुलगा धावत आला आणि काय करावं न कळून तिथंच थबकला.

"काय झालं आजी?" गायिकेनं विचारलं.

"काय झालं म्हणजे? थांबलीस कशाला? घे."

"नको नको, अहो, तिकीट काढलंय ना तुम्ही?"

मागं कुणीतरी हसलं. आत्याचा हात तसाच पुढं होता आणि चेहरा मला दिसत नव्हता. गायनपार्टीत दिलेली भेट कुणी नाकारत नाही. नाकारली तर देणाऱ्यानं मान खाली घालून परत यायचं. ती तशी परत आली असती, तर पुन्हा कुठल्याही गाण्यासमोर बसली नसती, हे मला त्या क्षणी स्पष्ट कळलं. उठायचं नाही हा नियम मोडून मीही उठलो.

"आमच्याकडे ओळ आवडली की अशी भेट देतात," मी जरा मोठ्यानंच म्हणालो. "गाणाऱ्यानं ती घ्यायची, देणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि तीच ओळ पुन्हा म्हणायची."

गायिकेनं गिटार मांडीवर आडवी ठेवली. मग तिनं दोन्ही हात पुढं करून नोट घेतली आणि कपाळाला लावली. "कुठली ओळ, आत्या?" मी आत्या अशी हाक मारली नव्हती. तिचं तिलाच सुचलं असावं.

आत्यानं ओळ सांगितली नाही. म्हटली. तिच्यापुढं माइक नव्हता, पण भिंतीपर्यंत पोचेल अशा मोकळ्या, चढ्या आवाजात, कोरसमध्ये म्हणतात तशी. 'कडी लावली नाहीस'वर तिनं जराशी जास्त जागा घेतली. एवढ्या वर्षांत तिचा गाणारा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"नाव काय घेऊ?" गायिकेनं विचारलं.

आत्यानं मामांचं नाव सांगितलं.

गायिकेनं ते नाव माइकवर घेतलं, पन्नास रुपये भेट मिळाली म्हणून आभार मानले आणि ओळ पुन्हा म्हटली. आत्या परत येऊन माझ्याशेजारी बसली.

परत जाताना बंडगार्डनच्या पुलावर सुरू झाली. "पोरगी चांगली हाय. पण तोंडातल्या तोंडात गाती. शेवटच्या माणसाला शब्द कळाया नको?"

"आत्या, हळू गाणं हीच तिची पद्धत आहे. त्यासाठीच तर माइक असतो."

"माइक बंद पडला मंग?"



त्यानंतर वर्षभरात आत्या निवृत्त झाली आणि लातूरकडे ताईच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या गावी राहायला गेली. फोन केला की "जेवलास का" एवढं विचारून ठेवून देते. परवा ताईचा फोन आला. तिनं जे सांगितलं ते ऐकून मी आत्याला पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलंच. ते असं:

प्रिय आत्या,

जय भीम. ताईनं सांगितलं की बुद्धपौर्णिमेला वंदना झाल्यावर तू घरी आली नाहीस. गायनपार्टीसमोर बसलीस, आणि पेटी सुरू झाली तरी उठली नाहीस. ताई म्हणाली, रडली थोडी, पण बसली. मी ऑफिसात होतो. बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो.

मी शिकलो, नोकरीला लागलो, ते तुझ्यामुळे. हे तुला अनेकदा सांगावंसं वाटलं, पण समोर आलं की तू ताट वाढतेस. म्हणून लिहितोय. इथं कार्यक्रमांना मी अजून जातो. परवाच एका नव्या बँडला ऐकलं. तुला आवडला नसता. शब्द अजिबात कळत नव्हते.

कोथरूडच्या त्या मुलीचा दुसरा अल्बम आलाय. मी तो ऐकलेला नाही, राखून ठेवलाय. पुढच्या महिन्यात तिकडे येतो तेव्हा आपण मोठ्यानं लावू, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत. मध्येच भाजी टाकायला उठायचं नाही. भाजी आधी करून ठेव, नाहीतर मी करतो.

तुझा भाचा